लॅपलँडला जायचंय, पण डिसेंबरात नको

प्रश्न: आम्ही इंग्लंडमध्ये रेडिंगला राहतो. मुलगी नऊ वर्षांची, मुलगा चारचा. नोव्हेंबरमध्ये साताऱ्याहून सासू-सासरे येणार आहेत, एप्रिलपर्यंत राहतील. नाताळात सगळ्यांनी मिळून फिनलंडच्या लॅपलँडला जायचं असं ह्यांनी ठरवलंय. एका ट्रॅव्हल एजंटने तीन रात्रींचं पॅकेज काढून दिलंय, त्यात सांता, हस्की कुत्र्यांची गाडी, रेनडियरची गाडी, बर्फावरची स्नोमोबाईल, आकाशातले नॉर्दर्न लाइट्स, सगळं आहे. पण सासऱ्यांना मधुमेह आणि रक्तदाब आहे. सासूबाईंचे गुडघे दुखतात, आणि त्या अंडंसुद्धा खात नाहीत. त्यांना घरीच ठेवावं असं मला वाटतं, पण मग त्यांच्याजवळ थांबणार कोण? आणि एवढ्या थंडीत चार वर्षांच्या मुलाला नेणं तरी शहाणपणाचं आहे का?

उत्तर: सासू-सासऱ्यांना घेऊन जा, मुलालाही न्या. पॅकेज तेवढं सोडा.

तीन रात्रींचा हिशेब मांडून बघा. जाण्याचा दिवस प्रवासात गेला, येण्याचा तसाच. मधल्या दोन दिवसांत पाच कार्यक्रम. प्रत्येक कार्यक्रमाआधी चार वर्षांच्या मुलाला थर्मल, फ्लीस, ओव्हरऑल, मोजे, बूट, टोपी, हातमोजे असं चढवायला अर्धा तास जातो, आणि सगळं चढवून झाल्यावर त्याला शू लागते. हे दिवसातून तीनदा करायचं, वर बाहेर बस थांबलेली. अशा सहलीत माणसं रडकुंडीला येतात आणि दोष थंडीला देतात. खरी अडचण घाईची असते. थंडीचा बंदोबस्त कपड्यांनी होतो.

डिसेंबरची दुसरी अडचण उजेडाची. आर्क्टिक वृत्त साधारण ६६ अंश ३३ मिनिटे उत्तर अक्षांशावर आहे. रोवानिएमी शहर त्याला अगदी लागून आहे, तिथे २१ डिसेंबरच्या सुमारास दिवस जेमतेम दोन-सव्वादोन तासांचा असतो. आणखी उत्तरेला इवालो आणि सारिसेल्कापाशी डिसेंबरच्या सुरुवातीपासून जानेवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत सूर्य उगवतच नाही. दुपारी काही तास निळसर संधिप्रकाश असतो. तो फार सुंदर असतो, पण मोठ्यांना. दुपारी तीनला मिट्ट काळोख झाला की मुलं झोपायला बघतात, आणि साताऱ्याच्या उन्हात वाढलेल्या माणसाचं तिसऱ्या दिवशी मन उदास होतं. शिवाय नाताळ म्हणजे सगळ्यात महागडा आणि गर्दीचा हंगाम. ब्रिटनहून सांतासाठी एका दिवसापुरती विमानंसुद्धा येतात.

तुम्ही ईस्टरच्या शाळेच्या सुट्टीत जा, मार्चच्या शेवटी. मनात पहिली शंका बर्फाची येईल. तर लॅपलँडमध्ये बर्फाचा थर सर्वांत जाड असतो तो मार्चच्या उत्तरार्धातच, आणि सारिसेल्काला एप्रिलभर स्कीइंग चालू असतं. दिवस बारा-तेरा तासांचा. दुपारी तापमान शून्याच्या थोडं खाली, रात्री उणे १० किंवा १५. जानेवारीत उणे ३० सुद्धा होऊ शकतं. फिनलंडमधला नीचांक उणे ५१.५ आहे, १९९९च्या जानेवारीत कित्तिला भागातल्या पोक्का गावी नोंदलेला. तुमच्या सासऱ्यांना तो आकडा सांगू नका. स्थानिक लोक स्वतः याच दिवसांत रजा काढून बाहेर पडतात, बर्फावर रेनडियरचं कातडं अंथरून ऊन खातात. फेब्रुवारीची हाफ-टर्म, म्हणजे शाळेची छोटी सुट्टी, ही मधली वाट आहे: उजेड सात-आठ तास, पण थंडी कडक आणि भाव चढे. सासू-सासरे एप्रिलपर्यंत आहेत म्हणजे तुम्हाला ईस्टर जमतोच.

सांताची काळजी करू नका. रोवानिएमीपासून आठेक किलोमीटरवरचं सांताचं गाव बारा महिने उघडं असतं. भेटीला पैसे पडत नाहीत, फोटोला पडतात, आणि चांगलेच पडतात. मार्चमध्ये रांग छोटी असते, त्यामुळे मुलाला दोन शब्द बोलायलाही मिळतात.

मी तुमच्या जागी असते तर आठवड्याची आखणी अशी केली असती. लंडनहून हेलसिंकी, तिथून रात्रीची रेल्वे रोवानिएमीला. बारा तासांच्या आसपासचा प्रवास, दोन बर्थची खोली. वरच्या मजल्यावरच्या खोल्यांत स्वतंत्र शॉवर-टॉयलेट असतं, पण आत डब्यात जिना चढावा लागतो. सासूबाईंसाठी खालची खोली आधीच राखून ठेवा, आणि तुमच्या दोन्ही खोल्यांतला वरचा बर्थ मुलांना द्या, ती खूश होतील. एक दिवस रोवानिएमीत, मग बसने साधारण चार तासांवर सारिसेल्का. तिथे स्वयंपाकघर असलेली केबिन घ्या आणि पुढचे पाच दिवस तिथून हलू नका. परत येताना इवालोहून विमान. हा फिनलंडचा सर्वांत उत्तरेकडचा विमानतळ, सारिसेल्काहून बसने अर्ध्या तासावर. गाडी भाड्याने घेऊ नका, बर्फावर चालवायची सवय असेल तर गोष्ट वेगळी. रस्त्यावर मध्येच रेनडियर येतात आणि ते हॉर्नला जुमानत नाहीत.

दिवसाला एकच कार्यक्रम, तोही सकाळी. दुपार मोकळी. मुलांना खरं हवं असतं ते घसरगाडी, फावडं आणि ढीगभर बर्फ, आणि ते केबिनच्या दारात फुकट असतं. सारिसेल्काच्या डोंगरावर मोठा उतार केवळ स्लेजसाठी राखलेला आहे. उर्हो केक्कोनेन राष्ट्रीय उद्यान गावाला लागूनच सुरू होतं. तिथे वाटेवर लाकडी आडोसे आणि शेकोटीच्या जागा आहेत, जळणाची लाकडं ठेवलेली असतात, कोणीही वापरावीत. थर्मासमध्ये चहा आणि डब्यात थालीपीठ घेऊन तिथे गेलात की तो दिवस सार्थकी लागला. लाकडं लागतील तेवढीच जाळा आणि निघताना जागा झाडून ठेवा, एवढाच तिथला शिरस्ता.

विकतच्या कार्यक्रमांपैकी हस्की आणि रेनडियर हे दोन घ्या. हस्कीची छोटी फेरी पुरे. एक मोठा माणूस मागे पट्ट्यांवर उभा राहून गाडी हाकतो, बाकीचे पुढे बसतात. गाडी सुटेपर्यंत कुत्री कान किटतील इतकी भुंकतात आणि सुटली की एकदम गप्प होतात. हे मुलाला आधीच सांगून ठेवा, नाहीतर तो तिथूनच परत फिरेल. ह्यांना दोनच गोष्टी बजावा: उतारावर ब्रेक, आणि पडलात तरी दांडी सोडायची नाही, कारण कुत्री थांबत नाहीत. स्नोमोबाईल मी वगळेन. चालवायला वैध ड्रायव्हिंग लायसन्स लागतं, लहान मुलांना मागच्या स्लेजमध्ये बसवतात, गाडीचं नुकसान झालं तर ठरावीक रकमेपर्यंत भरपाई तुमच्या खिशातून जाते, आणि वेगामुळे वारा असा लागतो की उणे ५ चे उणे १५ वाटतात.

रेनडियरची गाडी आजी-आजोबांसाठी. चालण्याच्या वेगाने जाते, वर कातडी आणि ब्लँकेटं. बैठक खाली असते, तेव्हा सासूबाईंना उठवायला दोघं हवेत. एक सांभाळा. आपल्याकडे गोठ्यात जनावरं किती ही साधी चौकशी असते. रेनडियरवाल्याला मात्र कळपात किती हे विचारणं म्हणजे बँकेत किती पैसे आहेत हे विचारणं. सासऱ्यांना आधीच सांगून ठेवा, कारण ते नक्की विचारणार.

हस्कीगाड्या तिथल्या मूळनिवासी सामी लोकांची परंपरा नाहीत, त्या पर्यटनाबरोबर आल्या. सामींचा संबंध रेनडियर, मासेमारी आणि त्यांच्या भाषांशी. फिनलंडमध्ये तीन सामी भाषा बोलल्या जातात. हे नीट समजून घ्यायचं तर इनारीतलं सीडा संग्रहालय बघा. २०२४चा युरोपातला सर्वोत्तम संग्रहालयाचा पुरस्कार त्याला मिळालाय. सारिसेल्काहून सत्तर किलोमीटर, आत उबदार, बसायला बाकं. हवा बिघडेल त्या दिवसासाठी ते राखून ठेवा. पारंपरिक पोशाखातल्या कुणाचाही फोटो विचारल्याशिवाय काढू नका. भाड्याच्या नकली सामी पोशाखात मुलांचे फोटो काढायची सोय कुठे दिसली तर सरळ पुढे चला.

आता कपडे. सुती काहीही अंगाला लागू देऊ नका. बनियनसुद्धा नको. सुती कापड घाम धरून ठेवतं आणि गार पडतं. आत लोकरीचे थर्मल, मध्ये फ्लीस किंवा लोकरीचा स्वेटर, वरून वारा अडवणारा ओव्हरऑल. वरचा ओव्हरऑल, बूट आणि मोठे हातमोजे बहुतेक ठिकाणी कार्यक्रमासोबत देतात किंवा आठवड्याच्या भाड्याने मिळतात, विकत घेऊ नका. पैसे घालायचे तर थर्मलवर घाला. बूट एक नंबर मोठे हवेत. दोन मोजे कोंबून बूट घट्ट केलात तर पाय लवकर गारठतात. मुलांना पाच बोटांचे हातमोजे देऊ नका, बोटं एकत्र राहतात ते द्या, आणि दोन जोड जास्तीचे, कारण एक ओला होणार आणि एक हरवणार. केबिनमध्ये कपडे सुकवायचं कपाट असतं.

सासूबाईंना एक गोष्ट तुम्हीच हळूच सांगा, त्यांच्या मुलाने सांगितली तर ऐकणार नाहीत. बाहेर पडताना कानातले, चमकी आणि बांगड्या काढून ठेवायच्या. धातू गार होतो आणि कानाची पाळी, नाक सगळ्यात आधी गारठतात. मंगळसूत्र थर्मलच्या वर आणि स्वेटरच्या आत राहिलं तर काही बिघडत नाही.

दर वीस मिनिटांनी एकमेकांचे चेहरे बघायचे, हे काम मुलीला द्या, ती मनापासून करेल. गालावर किंवा नाकावर पांढरा ठिपका दिसला तर उघडा उबदार तळवा त्यावर धरायचा आणि आत जायचं. चोळायचं नाही, बर्फ तर अजिबात नाही. क्रीम फासून हिमदंश टळत नाही, मफलरने टळतो.

सासऱ्यांसाठी: थंड हवेत रक्तवाहिन्या आकसतात आणि रक्तदाब वाढतो. जड कपडे आणि बर्फातली चाल यांनी हृदयावरचा ताण वाढतो. म्हणून चढ नको, फावड्याने बर्फ उपसायचा उत्साह नको. इन्सुलिन घेत असतील तर ते आतल्या खिशात, अंगाजवळ. गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी वापरायचं नसतं. साखर मोजायचं यंत्र गारठलं की चालत नाही, तेही आत. मधुमेहात पायांची संवेदना कमी झालेली असू शकते, म्हणून रोज रात्री पाय उजेडात बघा. ‘मला काही झालं नाही’ यावर थांबू नका. दोघांच्याही बुटांना खाली लावायचे काटे घ्या. गावात खुर्चीसारखी ढकलगाडी मिळते, पायांखाली दोन लांब पट्ट्या असलेली. एकाने बसायचं, दुसऱ्याने मागून ढकलायचं. गुडघेदुखीवर यापेक्षा चांगला उतारा नाही, आणि ढकलायचं काम सासरे आनंदाने करतील. तातडीला ११२. इवालोत आरोग्य केंद्र आहे, मोठं रुग्णालय रोवानिएमीला, म्हणजे लांब. तुम्हा चौघांना ब्रिटनचं जीएचआयसी कार्ड (परदेशातल्या सरकारी उपचारांसाठीचं) चालेल, सासू-सासऱ्यांना ते मिळणार नाही. त्यांच्या विम्यात आधीचे आजार धरलेत का ते वाचून बघा.

जेवण केबिनमध्येच करा. बाहेर शाकाहारी म्हणजे बटाटा, सूप आणि भाताची पेज भरलेली राईच्या पिठाची करेलियन पुरी, ती छान लागते. कार्यक्रमातल्या जेवणासाठी ‘मांस, मासे, अंडं नाही’ असं तिन्ही शब्द लिहून कळवा. नुसतं शाकाहारी म्हटलं तर मासे समोर येऊ शकतात. भाजणी, पोहे, गोडा मसाला, मेतकूट बिनधास्त न्या. तूप, पेढे, बर्फी, चीज सँडविच मात्र नाही. ब्रिटनहून असो की भारतातून, दूध आणि मांसाचे पदार्थ युरोपीय संघात सामानातून नेता येत नाहीत. ताजा कढीपत्ताही नको, नारळ चालतो. तुपाचं म्हणाल तर तिथल्या दुकानात बिनमिठाचं लोणी घ्या आणि केबिनमध्येच कढवा.

नॉर्दर्न लाइट्ससाठी वेगळे पैसे भरू नका. मार्चअखेर रात्री अजून पुरेशा अंधाऱ्या असतात आणि विषुवदिनाच्या आसपास त्यांचं प्रमाण बरं असतं. पण ढग असतील तर काहीच दिसत नाही, तिकीट काढलेलं असो वा नसो. फिनलंडच्या हवामान खात्याचा अंदाज बघा, केबिनचे दिवे मालवा, अंगणात उभे राहा. डोळ्यांना बऱ्याचदा ते राखाडी-हिरवट दिसतात, मोबाईलमध्ये गडद हिरवे. ह्यांना आधी सांगितलेलं बरं.

आता जे तुम्ही या आठवड्यात करायचं. सासू-सासऱ्यांचा ब्रिटनचा व्हिसा फिनलंडला चालत नाही, त्यांना शेंगेन व्हिसा (फिनलंडसकट युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून एक) वेगळा लागेल. तो त्यांनी भारतातून निघण्याआधीच काढावा. ब्रिटनला पाहुणे म्हणून आलेल्यांचा अर्ज तिथे घेतीलच असं नाही. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, म्हणजे मार्चअखेरच्या प्रवासासाठी सप्टेंबरअखेर. निदान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा लागतो, आणि पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने वैध हवा. त्याच फेरीत सासऱ्यांच्या डॉक्टरांकडून औषधांची चिठ्ठी इंग्रजीत घ्या, औषधांच्या मूळ नावांसकट, आणि ‘थंडीत एवढं चालणं झेपेल का’ हे त्यांच्यासमोरच विचारा. रेल्वेचं आणि केबिनचं आरक्षण त्यानंतर. पैसे परत मिळतील अशा अटीवर आधी केलंत तर आणखी बरं, कारण ईस्टरला फिनलंडची माणसंही तिकडेच निघालेली असतात.