प्रोटॉनमधील क्वार्कची फिरकी आणि चाल

प्रश्न : प्रोटॉन ज्या तीन मूलकणांचा, म्हणजे क्वार्कचा, बनतो त्यांच्या फिरकीची (स्पिनची) बेरीज म्हणजेच प्रोटॉनची फिरकी, असे मी वर्गात सांगते. ते बरोबर आहे का?
(विज्ञान शिक्षिका, दारव्हा, जि. यवतमाळ)

उत्तर : बेरीज एवढी सरळ नाही. जिनिव्हाजवळच्या सर्न या कण-भौतिकीच्या प्रयोगशाळेत म्युऑनचा (इलेक्ट्रॉनसारख्या पण जड कणांचा) झोत अमोनियावर (होय, ज्यापासून आपल्या शेतातला युरिया बनतो तोच) सोडून त्यातील हायड्रोजनच्या प्रोटॉनची तपासणी झाली. त्या प्रयोगाचा 1988 मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा होता की, क्वार्कच्या फिरकीचा वाटा अपेक्षेपेक्षा फारच थोडा आहे. आज तो सुमारे 30 टक्के मानला जातो. उरलेला भाग क्वार्कना बांधून ठेवणाऱ्या ग्लुऑन या कणांच्या फिरकीतून आणि आतील कणांच्या कक्षीय गतीतून येतो. या दोहोंची नेमकी वाटणी अजून ठरलेली नाही.

प्रश्न : क्वार्क भोवऱ्यासारखा गरगरतो का?
(विद्यार्थी, लोणार, जि. बुलढाणा)

उत्तर : नाही. फिरकी हा वस्तुमान किंवा विद्युतभार यांसारखाच कणाचा अंगभूत गुण आहे.

प्रश्न : फिरकीचा आणि क्वार्कच्या चालीचा संबंध आहे, हे कळते कसे?
(शेतकरी वाचक, आष्टी, जि. वर्धा)

उत्तर : हॅम्बुर्गच्या ‘हर्मिस’ प्रयोगात हायड्रोजन वायूतील प्रोटॉनची फिरकी त्यांच्यावर सोडलेल्या इलेक्ट्रॉन किंवा पॉझिट्रॉनच्या झोताशी काटकोनात ठेवली होती. झोतातील कणाने क्वार्कला धडक दिली की त्यातून पायॉन नावाचे हलके कण बाहेर पडतात आणि ते कोणत्या बाजूला किती गेले, याची मोजदाद होते. धन पायॉन एका बाजूला अधिक आढळले, आणि फिरकी उलटी केली की ती बाजूही उलटते, म्हणजे हा कल उपकरणाचा नव्हे. प्रोटॉनची फिरकी आणि क्वार्कचा आडवा संवेग (प्रोटॉनच्या चालीला काटकोनातील गतीचा जोर) यांचा असा संबंध असावा, ही कल्पना भौतिकशास्त्रज्ञ डेनिस सिव्हर्स यांनी 1990 मध्ये मांडली होती; त्यालाच सिव्हर्स परिणाम म्हणतात. पुढे 1998 मध्ये बोअर आणि मुल्डर्स यांनी, प्रोटॉनच्या फिरकीला ठरावीक दिशा नसतानाही क्वार्कची स्वतःची फिरकी आणि त्याचा आडवा संवेग निगडित असू शकतात, असे दाखवले.

माझ्या मते यातील सर्वांत कसोटीची गोष्ट वेगळीच आहे. धडक खाऊन बाहेर पडणाऱ्या क्वार्कला उरलेला प्रोटॉन मागे खेचतो. परंतु दोन कणांच्या टकरीत क्वार्क आणि प्रतिक्वार्क (क्वार्कचा विरुद्ध भाराचा प्रतिकण) एकमेकांना नष्ट करतात, तेव्हा हा बल-परिणाम आधीच, म्हणजे आत येणाऱ्या प्रतिक्वार्कवर, आणि विरुद्ध चिन्हाने होतो. म्हणून सिव्हर्स परिणामाचे चिन्ह या दोन प्रक्रियांत उलट यायला हवे, असे सिद्धांत सांगतो. आतापर्यंतची मोजमापे त्याच बाजूला झुकतात, पण त्यांतील अनिश्चितता अजून मोठी आहे.