‘डॉक्टर हू’चे हरवलेले भाग खुद्द बीबीसीकडे नसताना नायजेरियात कसे काय सापडले?

मालिका बीबीसीची आणि सांभाळली मात्र परक्यांनी, असा तुमच्या प्रश्नाचा रोख दिसतोय. पण परक्यांनीही ती जपून ठेवली अशातला भाग नाही. जे उरलं ते विक्रीच्या धंद्यामुळे आणि थोडं हलगर्जीपणामुळे.

‘डॉक्टर हू’ ही बीबीसीची विज्ञानकथा-मालिका; एकेक कथा अनेक भागांत चालायची. ती सुरू झाली २३ नोव्हेंबर १९६३ ला. भाग दोन इंची व्हिडिओटेपवर असायचे आणि टेप तेव्हा भलती महाग. कलाकारांच्या करारांमुळे पुन्हा दाखवण्यावरही बंधनं होती. मग काय, टेप पुसायची आणि तिच्यावर दुसरं काही घ्यायचं. साठच्या दशकातल्या २५३ भागांपैकी एकाचीही मूळ व्हिडिओटेप उरलेली नाही!

आज जे भाग बघायला मिळतात, ते बहुतेक परदेशी विक्रीसाठी काढलेल्या फिल्म-प्रतींवरून. मॉनिटरसमोर कॅमेरा लावून भाग १६ मिमी फिल्मवर उतरवायचे, कारण टीव्हीची पद्धत देशोदेशी वेगळी असली तरी फिल्म सगळीकडे चालायची. या प्रती ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, हाँगकाँग, सायप्रस, नायजेरिया अशा फिरायच्या. हक्कांची मुदत संपली की प्रत परत करा, नष्ट करा किंवा पुढच्या देशाला पाठवा, असा रिवाज. लंडनमधल्या प्रतींचीही सत्तरच्या दशकात विल्हेवाट लावली जात होती. ते थांबलं १९७८ च्या सुमारास.

म्हणजे कुठल्या तरी स्टेशनवाल्याने डबे परत पाठवायचा कंटाळा केला, म्हणून आपलं फावलं. नायजेरियातल्या जोस शहरातल्या एका टीव्ही केंद्रात हरवलेल्या जुन्या कार्यक्रमांचा शोध घेणारे फिलिप मॉरिस यांना असेच डबे मिळाले. चिकटपट्टीवरची धूळ पुसली तर खाली ‘डॉक्टर हू’! त्यातले नऊ भाग बीबीसीकडे नव्हतेच. ऑक्टोबर २०१३ मध्ये ही बातमी जाहीर झाली.

मला मात्र याहून ऑस्ट्रेलियाचा किस्सा आवडतो. तिथल्या सेन्सॉरने भीतिदायक वाटलेले तुकडे कापले आणि सरकारी शिस्तीत दप्तरी ठेवले. १९९६ मध्ये ते सापडले. ‘फ्युरी फ्रॉम द डीप’ या कथेचे सहाही भाग गायब आहेत, पण एक जाडा आणि एक काटकुळा असे दोन गृहस्थ तोंडं उघडून विषारी वायू सोडतात आणि समोरची बाई गुदमरते, तो प्रसंग आज बघता येतो. मुलांनी बघू नये म्हणून कापलेलंच नेमकं टिकलं!

तरी परदेशात विकलं म्हणजे वाचलं, असंही नाही. ‘मार्को पोलो’ ही कथा कितीतरी देशांत गेली, पण तिच्या सातपैकी एकही भाग हाती नाही. तिचे बहुतेक भाग दिग्दर्शित केले होते लखनौत जन्मलेल्या वारिस हुसैन यांनी; मालिकेची पहिली कथाही त्यांनीच दिग्दर्शित केली. उलट १९६५ चा नाताळचा भाग परदेशी विकलाच गेला नाही, त्यामुळे त्याची आशा मी तरी सोडली आहे.

आवाज मात्र सगळ्या भागांचा आहे, कारण तेव्हाच्या चाहत्यांनी तो घरी टीव्हीवरून टेप केला होता. बघायचंच असेल तर जोसला मिळालेली ‘वेब ऑफ फिअर’ ही कथा आधी बघा. तिचा तिसरा भाग अजून सापडलेला नाही, तेवढा आवाज आणि स्थिरचित्रांवर किंवा नंतर केलेल्या अ‍ॅनिमेशनवर भागवावा लागेल.