वावड्या उठत नाहीत, उडतात

नाशिकरोडहून एका वाचक मुलीचा प्रश्न आला आहे. ती लिहिते: "एका सुपरहिरोच्या सिनेमाबद्दल मराठी बातमीत 'नायक बदलणार असल्याच्या वावड्या उठल्या' असं वाचलं. वावड्या उठतात की उडतात? अफवा, आवई आणि वावडी यांत फरक काय? आणि जाहीर होऊन वर्षानुवर्षं न बनणाऱ्या सिनेमाला मराठीत काय म्हणावं?"

उडतात. वावड्या उडतात. उठते ती आवई, पिकते ती कंडी, सोडतात ती पुडी, देतात ती हूल (हुलकावणी तिचीच लेक), लागते ती कुणकुण, आणि पसरते ती अफवा. तीस वर्षं मी मुद्रितं तपासली. 'वावड्या उठल्या' दिसलं की लाल पेन आपोआप चालायचं. आता पेन नाही, पण हात अजून शिवशिवतो.

अफवेचं चटकन उरकतो. शब्द अरबी, फारसीच्या वाटेने आला. अरबीत 'अफवाह' म्हणजे 'तोंडं', चक्क अनेकवचन. खूप तोंडं एकदम बोलायला लागली की ती अफवा, आणि म्हणूनच ती कुणा एकाची नसते. मराठीने शेवटचा 'ह' गाळला, अनेकवचनाचं एकवचन केलं आणि शब्द घरचा करून टाकला. हल्ली काही मंडळी मराठी लिहिताना 'अफवाह' असा तो 'ह' परत चिकटवतात. घरात रुळलेल्या सुनेला पुन्हा माहेरच्या नावाने हाक मारण्याचा हा प्रकार कशासाठी?

आवई म्हणजे घाबरवणारी हाकाटी. धरण फुटलं, दंगल झाली, नोटा बंद होणार, या आवया. सिनेमात कोण काम करणार याची आवई उठत नाही, कारण ते ऐकून कुणी दारं लावून घेत नाही. (माझा भाचा लावून घेतो. त्याचं पुढे येईलच.)

आता वावडी. वावडी म्हणजे पतंग. मोघम उपमा म्हणून नव्हे, खरोखरचा, कागदाचा, काड्या लावलेला. माझी बायको मालवणकडची. लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीला गच्चीवर येऊन तिने विचारलं, "तुमच्याकडे एवढ्या लहान वावड्या उडवतात?" तोवर वावडी हा शब्द मी फक्त अग्रलेखांत वाचला होता. माझं आजोळ येवल्याचं. भोगी, संक्रांत आणि कर असे तिन्ही दिवस अख्खं गाव गच्चीवर. हलकडी या वाद्याच्या तालावर पेच लागायचे आणि पतंग कटला की चारी बाजूंनी 'गई बोला रे धिना'चा गजर. पण आम्ही म्हणायचो पतंगच. ज्या पतंगापायी माझे ढोपर फुटले, त्याचं दुसरं नाव अग्रलेखात जाऊन बसलंय हे मला बत्तिसाव्या वर्षी कळलं.

व्युत्पत्तीबद्दल माझं म्हणणं असं. संस्कृत 'वात', प्राकृतात त्याचा 'वाअ', पुढे 'वाव', आणि त्याला आपला लाडका 'डी' प्रत्यय. वावडी म्हणजे वाऱ्यावरची पोर. वावटळ याच घरातली. जुन्या मराठीत 'वावो' म्हणजे फुकट, खोटं, पोकळ. संतांच्या रचनांत हा शब्द भेटतो. वारा म्हणजे पोकळ, पोकळ म्हणजे व्यर्थ, व्यर्थ म्हणजे खोटं, असा हा उतार. त्याच उतारावर 'वाउगं' आहे, ज्याचं आज 'वावगं' झालं आणि जे आपण फक्त 'त्यात वावगं काय?' एवढ्याच वाक्यात जिवंत ठेवलंय. वाया जाणं तिथलंच. आणि वायफळ! वायफळ म्हणजे वाऱ्याचं फळ, हा शब्द ज्याने घडवला त्याच्या पायावर डोकं ठेवावं. म्हणजे वावडी आकाशात गेली तेव्हाच ती अर्धी खोटी होती, भाषेला फक्त ते आधीपासून ठाऊक होतं.

यावर आमच्या गंगापूर रोडच्या कट्ट्यावर रणं माजली आहेत. एक निवृत्त प्राध्यापक 'वावदूक'वरून वावडी काढतात. वावदूक म्हणजे बडबड्या, 'वद्' धातूचं पौनःपुन्य, व्याकरणदृष्ट्या निर्दोष. पण सर, वावदूक हा शास्त्रार्थाच्या बैठकीतला शब्द. खळ शिजवून कागद चिकटवणाऱ्या पोरांनी तो कुठून उचलला? आधी पतंग झाला आणि मग अफवा झाली. तुमच्या हिशेबाने आधी बडबड झाली आणि मग तिला कमान व काडी लावून कुणीतरी आकाशात सोडली. दुसरे एक इंजिनियर आहेत, ते म्हणतात की 'वाव' हे लांबीचं माप, दोन्ही हात पसरल्यावर होतं तेवढं, संस्कृत 'व्याम'. दोरा वावांनी मोजत, म्हणून वावडी. माप खरं आहे. पण विहिरीचा दोरही वावांनीच मोजत, मग पोहऱ्याला कुणी वावडी का म्हणालं नाही? हा प्रश्न मी दोन वर्षांपूर्वी विचारला. ते अजून मोजतायत.

एक आणखी सांगतो. मला स्वतःला असंही वाटतं की 'वांग्याचं वावडं' मधलं वावडंही वाताचंच. वात वाढवणारं, म्हणून पथ्याचं, म्हणून नकोसं. प्राध्यापकांना हे वावडं आहे, तेव्हा इथे थांबतो. वावडिंगाला मात्र यात ओढू नका. ते 'विडंग' आहे, औषधी आहे, आणि निरपराध आहे.

तर मुळात सिनेमा. यातलं मला जे कळतं ते इंदिरानगरला राहणाऱ्या भाच्यामुळे. दर रविवारी तो मिसळ खायला येतो आणि तर्री निवेपर्यंत फोनमधून वावड्या वाचून दाखवतो. 'ब्लेड' या मार्व्हलच्या सुपरहिरो सिनेमाची कथा मी त्याच्याकडूनच पाठ केली. २०१९ च्या जुलैमध्ये सॅन दिएगोच्या कॉमिक-कॉन मेळाव्यात नायक होणार असलेला नट महेर्शाला अली मंचावर आला, ब्लेडची टोपी डोक्यावर चढवली, टाळ्या झाल्या. मग बसाम तारिक हे दिग्दर्शक आले आणि २०२२ मध्ये गेले. त्यांच्यानंतर यान दमांज आले, २०२४ मध्ये तेही गेले. प्रदर्शनाच्या चार तारखा जाहीर झाल्या: नोव्हेंबर २०२३, सप्टेंबर २०२४, फेब्रुवारी २०२५, नोव्हेंबर २०२५. मग २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये सिनेमाच वेळापत्रकातून काढला. या सगळ्या काळात भाचा दर काही महिन्यांनी सांगायचा, "मामा, या वेळी पक्कं आहे." 'पक्कं' या शब्दाचंही एकदा बघावं लागेल.

या बातम्यांत एक मजेशीर मराठी येतं: 'चित्रपट प्राथमिक विकासाच्या टप्प्यात आहे.' म्हणजे काय? नळयोजना आहे का ती? आपल्याकडे 'सिनेमा अजून कागदावर आहे' हे स्वच्छ वाक्य आहे, ते वापरा. आमच्या त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांना 'राजा हरिश्चंद्र'साठी भांडवल हवं होतं, तेव्हा त्यांनी वाटाण्याचा दाणा रुजून त्याचं रोप होईपर्यंतचं चित्रीकरण केलं आणि तेच पैसे देणाऱ्यांना दाखवलं. १९१२ ची गोष्ट. प्राथमिक विकासाचा टप्पा म्हणायचाच असेल तर तो तेवढाच खरा. पडद्यावर कोंब दिसत होता.

कागदावरचा सिनेमा आणि कागदाची वावडी, हे जमलेलं आहे. पण मला याहून मोठी गंमत वाटते ती 'सूत्रांची'. अशा प्रत्येक बातमीत 'विश्वसनीय सूत्रांकडून समजते' असतं. सूत्र म्हणजे दोरा! वावडीला दोरा लागतो, तसा बातमीला सूत्र लागतं. आणि दोरा धरणारा? सूत्रधार. नाटकवाल्यांनी हा शब्द शेकडो वर्षं सांभाळून ठेवला आहे, आणि आपण बातमी वाचताना त्याला विसरतो. इथे कुणी व्युत्पत्तीचा आरोप करू नये. वावडी आणि सूत्र यांचं रक्ताचं नातं नाही हे मला कळतं. पण दोघं एकाच गच्चीवर उभे आहेत.

म्हणूनच 'वावड्या उठल्या' मला खुपतं. क्रियापद चुकलं हे तर आहेच, पण 'उठल्या' म्हटलं की माणूस नाहीसा होतो. धूळ उठते, धूर उठतो, पोटात कळ उठते, कुणी उठवावी लागत नाही. वावडी कुणीतरी उडवतो. आजोबा पतंगाला दोन भोकं पाडून दोरा बांधायचे आणि आडव्या कमानीवर बोट ठेवून तो एका बाजूला कलतो का बघायचे. कलला तर हलक्या बाजूला चिंधीचा तुकडा. तेव्हा कुठे मामा आसारी हातात घेऊन गच्चीच्या कडेला जायचा. आसारी म्हणजे मांजा गुंडाळलेली ती फिरती, तिला इतर गावांत चक्री म्हणतात. दोन बोटांनी ढील द्यायची आणि दोऱ्याची ओढ बघायची. वारा असला तर आणखी ढील, नसला तर गुंडाळून घ्यायचं. एखाद्या नटाचं नाव हवेत सोडून लोक काय म्हणतात ते बघणारे लोक याहून वेगळं काही करत नाहीत. आवडलं तर ढील, शिव्या पडल्या तर 'या केवळ अफवा आहेत'. आणि मध्येच दोरा कटला, की मग ती ज्याला सापडेल त्याची. पोरं झाडाची फांदी घेऊन मागे धावतात. त्या क्षणी, आणि त्याच क्षणी, वावडीची अफवा होते: तोंडं अनेक, धनी कुणीच नाही. फरक विचारला होतात ना, तो हा.

आपल्याकडचं उदाहरण हवं असेल तर 'शक्तिमान' घ्या. १९९७ साली दूरदर्शनवर आलेला. २०२२ च्या फेब्रुवारीत त्याच्यावर सिनेमा येणार असं जाहीर झालं. नायक म्हणून रणवीर सिंगचं नाव फिरू लागलं. २०२४ च्या मार्चमध्ये मालिकेतले शक्तिमान मुकेश खन्ना यांनी हे नाव आपल्याला पसंत नसल्याचं उघडपणे सांगितलं. पडद्यावर काहीही नसताना घराघरांत दोन तट पडले. भाचा आणि त्याचा मित्र माझ्यासमोर यावरून इतके भांडले की मित्र पाव अर्धवट टाकून उठला. भाच्याने घरी जाऊन खोलीचं दार लावून घेतलं, असं बहिणीचा फोन आला. 'बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी' ही म्हण पोरांना ऐकवली असती, पण दोघांनाही तुरी म्हणजे काय हे सांगायला लागलं असतं.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी. हवेतलं सगळं खोटंच असतं असं नाही. आधीच्या सिनेमांतला स्पायडर-मॅन, अँड्र्यू गारफील्ड, नव्या सिनेमाबद्दल कित्येक महिने 'मी त्यात नाही' असं सांगत राहिला, आणि २०२१ च्या डिसेंबरमध्ये 'स्पायडर-मॅन: नो वे होम' आला तेव्हा पडद्यावर होता. इथे बातमी खरी आणि नकार खोटा. अशा खरं-खोटं न ठरलेल्या गोष्टीला मराठीत फार सुंदर शब्द आहे: बोलवा. 'अशी बोलवा आहे' म्हणजे लोक असं बोलतात, पुढचं तुम्ही बघा. ना खोटं म्हटलं, ना खरं. वार्ताहरांनी हा शब्द का टाकून दिला हे मला न सुटलेलं कोडं आहे. 'चर्चांना उधाण' पेक्षा अक्षरं कमी लागतात. पूर्वी जागेचे पैसे मोजले जायचे तेव्हा तरी टिकायला हवा होता.

राहिला शेवटचा भाग. मी विसरलो नव्हतो. जाहीर होऊन न बनणाऱ्या सिनेमाला इंग्रजीत 'डेव्हलपमेंट हेल' म्हणत नरकात वगैरे पाठवतात. आपल्याला एवढं लांब जायची गरज नाही, आपण घोंगडं भिजत ठेवतो. 'ब्लेड' हे भिजत घोंगडं. अंगावर घेता येत नाही, पिळून होत नाही, आणि लोकरीचं असल्याने वाळतही नाही. जो कायमचा संपला तो बारगळला. १९९८ मध्ये 'सुपरमॅन लिव्ह्ज' बारगळला. त्यात निकोलस केज सुपरमॅन होणार होता, टिम बर्टन दिग्दर्शक होते. पोशाखाची चाचणीसुद्धा झाली होती, तिचे फोटो आजही बघायला मिळतात. दोन्हींत गल्लत नको. घोंगडं भिजत आहे तोवर वावड्या उडवायला वाव आहे. (हा वाव तिसराच. इंजिनियरसाहेब, बसा.)

तेव्हा तुमचं ते वाक्य असं करा: 'नायक बदलणार असल्याची वावडी कुणीतरी उडवली आहे.' 'कुणीतरी' काढू नका, संपादक म्हणाले तरी. आणि 'कास्टिंग'ला मराठी शब्द विचारणारी जी सात पत्रं आली आहेत, त्यांना उत्तर संक्रांतीनंतर. सध्या येवल्याहून आसारी यायची आहे आणि बायकोने या वर्षी मोठी वावडी बांधायला घेतली आहे. खोलीत पाय ठेवायला जागा नाही.