परस नसलेल्या घरातलं ‘परसाकडे’

प्रश्न : आमच्या सासूबाई पंचाहत्तरीच्या आहेत. आम्ही चौथ्या मजल्यावर राहतो, तरी त्या ‘परसाकडे जाऊन येते’ म्हणतात आणि बाथरूमला ‘मोरी’. माझा दहा वर्षांचा मुलगा शाळेत ‘मोरी’ म्हणाला, तर मुलं हसली. आता तो आजीला सारखा टोकतो. हे शब्द गावंढळ आहेत का?

उत्तर : मुळीच नाहीत, ताई. सासूबाईंना ते सोडायला लावू नका.

परस म्हणजे घरामागची मोकळी जागा. परसबागेतला परस तोच. ‘परसाकडे जाते’ म्हणणारी बाई नुसती दिशा सांगते, बाकीचं ऐकणाऱ्यानं ओळखायचं. याहून सभ्य बोलणं कुठलं? ‘बहिर्दिशेला’ जाणारे शास्त्रीबुवाही दिशाच सांगत. ‘झाड्याला जाणे’ ऐकून पुष्कळांना झाडाचा आडोसा आठवतो, पण तो झाडा ‘झाडणे’वरून आलाय. मला सगळ्यांत आवडतो तो जुना ‘शेतखाना’, म्हणजे संडास. त्याचा शेताशी संबंध नाही. मूळ शब्द ‘सेहतखाना’, म्हणजे आरोग्याचं घर! आणि ज्या ‘टॉयलेट’पुढे आपण हे सगळे शब्द लपवतो, त्याचा मूळ फ्रेंच अर्थ कापडाचा लहानसा तुकडा. तिथंही आडपडदाच.

माझी आई शेवटच्या आजारात दवाखान्यात होती. नर्स रोज सकाळी सगळ्यांसमोर विचारायची, ‘आजी, संडास झाली का?’ तिचा हेतू वाईट नव्हता, पण आई भिंतीकडे तोंड करायची. दोन दिवस तिनं काही सांगितलंच नाही, पोट फुगलं. तिसऱ्या दिवशी मी कानाशी वाकून विचारलं, ‘आई, परसाकडे जायचंय?’ तिनं लगेच माझं मनगट धरलं आणि उठायला लागली. तिच्या लाजेला जागा देणारा तो एकच शब्द होता.

आता मोरी. मोरी म्हणजे नुसतं बाथरूम नव्हे, त्यामुळे मुलांच्या हसण्यात काही अर्थ नाही. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात चार बोटं उंच कठडा, खाली फरशी, भिंतीला पाणी जायचं भोक. तिथं भांडी घासायची, बाहेरून आल्यावर पाय धुवायचे, आणि चाळीत पडदा ओढून अंघोळही तिथंच. निव्वळ अंघोळीची जागा ती न्हाणी. कोकणात हा शब्द अजून रोजच्या बोलण्यात आहे. संस्कृत ‘स्नान’, प्राकृत ‘ण्हाण’, मराठी ‘न्हाण’, असा तो सरळ घरातून चालत आलेला.

मुलाला एवढंच सांगा, आज संध्याकाळी आजीजवळ बस आणि तिच्या माहेरची मोरी कुठल्या कोपऱ्यात होती ते विचार. कागदावर तिच्याकडून काढून घे.