जुन्या ड्राइव्ह-इन थिएटरमधल्या मध्यंतराच्या फिल्म आणि स्नॅक बारच्या जाहिराती कुठे मिळतील?

तुम्ही विचारलंय की येत्या उन्हाळ्यात घरामागच्या अंगणात पडदा बांधून पंधरा-वीस मराठी कुटुंबांना सिनेमा दाखवायचाय. मध्यंतरात अमेरिकेतल्या जुन्या ड्राइव्ह-इनमध्ये (म्हणजे गाडीत बसूनच सिनेमा बघायच्या उघड्या थिएटरमध्ये) लागायच्या तशा नाचऱ्या पॉपकॉर्नच्या फिल्म आणि स्नॅक बारच्या जाहिराती हव्यात, पण कितीही शोधलं तरी तीच ती एक फिल्म पुढे येते. हा उद्योग मी न्यू जर्सीत आमच्या अंगणात करून बसलोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

'तीच ती' कुठली ते ओळखलं. पॉपकॉर्नचा डबा, गोळ्यांचं पाकीट, च्युइंगगम आणि शीतपेयाचा पेला ओळीने चालत जातात आणि 'चला सगळे लॉबीत' असं गातात. शिकागोच्या फिल्मॅक स्टुडिओची, डेव्ह फ्लायशरने केलेली. २००० साली ती नॅशनल फिल्म रजिस्ट्रीत, म्हणजे अमेरिकेत जपून ठेवायच्या फिल्मच्या यादीत, गेली. तिथे तिचं साल १९५७ दिलंय. एवढा मान मिळाल्यावर ती सगळीकडे दिसणारच. पण एकदा नीट बघा, पडद्याच्या खालच्या कडेला खुर्च्यांत बसलेल्या प्रेक्षकांची डोकी दिसतात. म्हणजे ही बंदिस्त थिएटरसाठी काढलेली. ड्राइव्ह-इनला लॉबी कुठून येणार? तिथे गाड्यांच्या रांगांमध्ये एक बैठी इमारत असायची, प्रोजेक्टरची खोली आणि स्नॅक बार बहुतेक वेळा तिथेच. ड्राइव्ह-इनवालेही ही फिल्म लावायचे ते वेगळं. पण तुम्हाला अस्सल ड्राइव्ह-इनचा माल हवा असेल तर 'लॉबी' शब्द सोडा आणि 'स्नॅक बार', 'रिफ्रेशमेंट सेंटर', 'कन्सेशन स्टँड' असं रोमन लिपीत टाइप करून शोधा. निम्मं काम तिथेच होतं.

उरलेलं निम्मं काम होत नाही, कारण या तुकड्यांना नावंच नाहीत. धंद्यातले लोक त्यांना 'स्नाइप' म्हणत. फिल्मॅकसारख्या कंपन्या ते छापून विकायच्या आणि थिएटरवाला यादी बघून मागवायचा. कुणी पाच सेकंदांचा, कुणी मिनिटाचा. प्रोजेक्टर चालवणारा माणूस ते एकापुढे एक चिकटवून मध्यंतराचं एक रीळ बांधायचा आणि तेच रीळ रोज रात्री, चिरफाळेपर्यंत चालवायचा. सुरुवातीला कुणाचं नाव नाही, शेवटी कुणाचे आभार नाहीत. त्यामुळे दिग्दर्शक, साल, शीर्षक अशा वाटेने गेलात तर हाती काही लागत नाही. तुकड्यात काय दिसतं आणि निवेदक काय बोलतो, त्यावरून शोधायचं.

म्हणजे पदार्थाच्या नावाने शोधायचं. 'चिली डिली' नावाचं, स्वतःचं व्यक्तिमत्त्व असलेलं लोणच्याचं काकडीमहाशय. 'फ्लेव्होज'चे कोळंबीचे रोल, ज्यांची जाहिरात बघून भूक लागते की मरते हे मला अजून ठरवता आलेलं नाही. 'कॅसलबेरी'चं बार्बेक्यू सँडविच. आणि माझी सगळ्यात लाडकी 'पिक'ची डासांची कॉइल. हो, आपली कासव छाप असते तशीच हिरवी वेटोळी. उघड्या माळावर काचा खाली करून बसायचं म्हणजे डास आलेच, तेव्हा कॉइल स्नॅक बारमध्येच मिळायची. आमच्याकडे ही जाहिरात लागली तेव्हा सासूबाई खुर्चीतून उठून म्हणाल्या, "अगंबाई, इकडेही?"

पावाच्या अंगावर कोलांटी मारून सॉसेज आत उडी घेतं तो तुकडाही शोधा. बऱ्याच जणांनी तो न कळत पाहिलेला असतो. १९७८च्या 'ग्रीस'मध्ये जॉन ट्रॅव्होल्टा ड्राइव्ह-इनमध्ये विरहाचं गाणं म्हणतो तेव्हा त्याच्या पाठीमागच्या पडद्यावर हाच प्रकार चाललेला असतो.

खाण्यापलीकडचे तुकडे मला जास्त आवडतात. 'निघण्याआधी स्पीकर खांबावर परत अडकवा' ही सूचना हमखास असायची, कारण खिडकीच्या काचेला लावलेला स्पीकर तसाच घेऊन लोक गाडी हाकायचे. रविवारी आपापल्या पसंतीच्या चर्चमध्ये जा, असा सल्ला. त्याच रिळात, गाडीत जाहीर प्रेमप्रदर्शन खपवून घेतलं जाणार नाही, अशी तंबी. आणि गावातल्या गॅरेजच्या, फर्निचरवाल्याच्या जाहिराती. आमच्या लहानपणी साताऱ्याच्या टॉकीजमध्ये इंटरव्हलला साडीच्या दुकानाची काचेची स्लाइड यायची, कधी उलटी, मग सगळं थिएटर ओरडायचं. त्याच जातीची ही चीज. कंपनीने शेकड्यांनी छापलेल्या तुकड्याची प्रत कुठे ना कुठे सापडतेच. गावच्या गॅरेजची मात्र एखाददुसरीच उरलेली असते. दिसली की आधी उतरवून घ्या, मग विचार करा.

आता कुठे शोधायचं. सुरुवात इंटरनेट आर्काइव्ह या फुकट डिजिटल ग्रंथालयाच्या साइटवरच्या प्रेलिंगर संग्रहापासून करा. रिक प्रेलिंगर या गृहस्थांनी १९८०च्या दशकापासून जाहिराती, शाळेत दाखवायचे माहितीपट, कारखान्यांचे प्रचारपट अशी दुसऱ्यांनी कचऱ्यात टाकलेली फिल्म गोळा केली. २००२ साली मूळ रिळांचा मोठा साठा लायब्ररी ऑफ काँग्रेसकडे गेला. त्यातलं बरंच काही आर्काइव्हवर फुकट उतरवून घेता येतं. तिथे 'ड्राइव्ह-इन' आणि 'इंटरमिशन' हे शब्द एकत्र टाका. प्रेलिंगर संग्रहाबाहेर लोकांनी आपापली चढवलेली रिळंही दिसतील. प्रत्येक पानावर उतरवायचे पर्याय असतात, त्यातली सर्वांत मोठी फाइल घ्या. पानावर लगेच वाजणारी असते ती आवळलेली प्रत. मोबाइलवर बरी दिसते, दहा फुटी पडद्यावर तिचे चौकोन मोजता येतात. ही चूक मी केली आहे.

दुसरा मोठा साठा 'समथिंग वीअर्ड व्हिडिओ'चा. सिअ‍ॅटलच्या माइक व्रेनीने १९९० साली काढलेली ही कंपनी भलतेसलते जुने सिनेमे विकायची, आणि 'हे फोक्स! इट्स इंटरमिशन टाइम' या नावाने तिने नुसत्या मध्यंतराच्या तुकड्यांच्या व्हीएचएस कॅसेट काढल्या. कंपनीच्या कित्येक डीव्हीडींवरही जोडमाल म्हणून असे तुकडे आहेत. यूट्यूबवर फिरणाऱ्या प्रतींपैकी खूपशा या कॅसेटवरूनच घेतल्यासारख्या दिसतात, कडेला टेपची थरथर असते. जुन्या वस्तूंच्या दुकानात डीव्हीडी हाती लागली तर मुख्य सिनेमा कितीही भिकार असो, मागची यादी वाचल्याशिवाय परत ठेवू नका.

तिसरी वाट म्हणजे खरं रीळ विकत घेणं. मोह आवरा, असं मी म्हणेन, पण मला कुणी सांगितलं असतं तर मीही ऐकलं नसतं. एका विक्रेत्याकडून मी पस्तीस मिलिमीटरचं चारशे फुटांचं रीळ घेतलं. म्हणजे जेमतेम साडेचार मिनिटांचा माल, कारण पडद्यावर मिनिटाला नव्वद फूट फिल्म जाते. डबा उघडला आणि स्वयंपाकघरभर व्हिनेगरचा वास. बायकोने विचारलं, काय सांडलं? काही सांडलं नव्हतं. अ‍ॅसिटेटची फिल्म जुनी होऊन विघटित व्हायला लागली की अ‍ॅसिटिक आम्ल सुटतं, फिल्म आकसते, वेडीवाकडी होते. शिवाय ही बाधा शेजारच्या रिळांनाही लागते, म्हणून तो डबा गॅरेजमध्ये एकटा ठेवला आहे. उजेडासमोर धरलं तर चित्रं सगळी राणी रंगाची. मोहरीचा सॉस राणी, काकडी राणी, आकाशही राणी. त्या काळच्या ईस्टमनकलर प्रतींमधला निळसर रंग आधी उडतो आणि मागे ही लाली उरते. टेक्निकलरच्या जुन्या रंगछपाईच्या प्रती अशा उडत नाहीत, पण मध्यंतराच्या तुकड्यावर तेवढा खर्च कोण करणार?

तरीही घ्यायचंच असेल तर विक्रेत्याकडून फिल्मच्या कडेचा फोटो मागवा. तिथे 'सेफ्टी' छापलेलं हवं. नसेल तर ती १९५०च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत वापरात असलेली नायट्रेट फिल्म असू शकते, ती पेट घेते, घरात आणायचीच नाही. कोडॅकच्या फिल्मवर कडेला वर्तुळ, चौकोन, त्रिकोण अशा खुणा असतात. त्यांवरून कच्ची फिल्म कुठल्या साली बनली ते कळतं. फक्त खुणा वीस वर्षांनी पुन्हा त्याच येतात, तेव्हा १९५८ की १९७८ हे बायकांच्या केशरचनेवरून ठरवायचं.

प्रोजेक्टरचा नाद न करता फिल्मवरचा सिनेमा अनुभवायचा असेल तर पेनसिल्व्हेनियात लीहायटनचं महोनिंग ड्राइव्ह-इन गाठा, तिथे अजून पस्तीस मिलिमीटरची रिळं चालवतात. आमच्या राज्यात व्हाइनलँडचं डेल्सी ड्राइव्ह-इन आहे, १९८७ला बंद पडून २००४ला पुन्हा उघडलेलं, न्यू जर्सीत उरलेलं एकमेव. आणि गंमत म्हणजे ड्राइव्ह-इनचा जन्मच या राज्यातला. ६ जून १९३३ रोजी कॅम्डेनजवळ रिचर्ड हॉलिंगशेडने पहिलं उघडलं. त्याआधी त्याने म्हणे घराच्या आवारात झाडांना पडदा ठोकून आणि गाडीच्या बॉनेटवर प्रोजेक्टर ठेवून बघितलं होतं. म्हणजे तुम्ही करताय तेच.

स्नॅक बारचा एवढा घोष कशासाठी, हे मला एका ड्राइव्ह-इनच्या फाटकावर कळलं. आम्ही थालीपिठाचा डबा घेऊन गेलो होतो. फाटकावरच्या मुलाने नम्रपणे सांगितलं की बाहेरचं खाणं न्यायचं तर वेगळं परमिट घ्यावं लागेल. तेव्हा राग आला. पण तिकिटाच्या पैशातला मोठा वाटा सिनेमाच्या वितरकाला जातो, थिएटरवाल्याच्या गल्ल्यात खरं काही पडतं ते पॉपकॉर्नचं. १९५८च्या सुमारास अमेरिकेत चार हजारांवर ड्राइव्ह-इन होती, आणि दोन सिनेमांच्या मधली ती दहा-पंधरा मिनिटं हीच त्यांची कमाईची वेळ.

कायद्याचं थोडक्यात. १९७८पूर्वी कॉपीराइटची सूचना न छापता प्रसिद्ध झालेली अमेरिकन फिल्म सार्वजनिक मालकीची होते. १९६३पर्यंतच्या, सूचना असलेल्या फिल्मचंही २८व्या वर्षी नूतनीकरण झालं नसेल तर तेच. बहुतेक निनावी तुकडे यात बसतात, पण प्रत्येकाचं आपण बघून घ्यावं. तुमची अडचण तुकड्यांची नाहीच, मुख्य सिनेमाची आहे. घरची चार माणसं आणि नेहमीचे मित्र वेगळे, पंधरा-वीस कुटुंबं बोलावली की अमेरिकेत ते जाहीर प्रदर्शन धरलं जाऊ शकतं, तिकीट नसलं तरी. सिनेमाचा परवाना आधी बघा.

जुळवणीत एकच युक्ती सांगतो. 'दहा मिनिटांत खेळ सुरू', 'नऊ मिनिटांत' असं सांगणाऱ्या घड्याळाच्या फिल्म सहज मिळतात. त्या मिनिटामिनिटाला तोडून मध्ये जाहिराती भरा, जुनी रिळं अशीच बांधलेली असायची. चित्र चौकोनीच ठेवा, रुंद पडदा भरायला ताणू नका, नाहीतर काकडीमहाशय दुधी भोपळा होतात. ओरखडे पुसायचं सॉफ्टवेअरही वापरू नका, मी वापरलं आणि पॉपकॉर्न प्लास्टिकचं दिसायला लागलं.

आणि दहा मिनिटं पुरत नाहीत. आमच्याकडे कॉइलची जाहिरात लागली तेव्हा बटाटेवड्यांचा दुसरा घाणा कढईतच होता आणि रांग कुंपणापर्यंत. घड्याळ तीनवर आलं, तसं मी लॅपटॉपवर गुपचूप मागे सातवर नेलं. मोठ्यांपैकी कुणाच्या लक्षात आलं नाही. शेजारच्या कुलकर्ण्यांची आठ वर्षांची मुलगी तेवढी प्लेट घेऊन माझ्याकडे आली आणि म्हणाली, "काका, तीननंतर सात येतात का?"