बास्केटबॉल विश्वचषक पात्रता: मोठे संघ गळतात कुठे, भारत अडकतो कुठे

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात. 2019 चा उपविजेता अर्जेंटिना 2023 च्या विश्वचषकात दिसलाच नाही, असं कसं? आणि आपला भारत दर वेळी पात्रता फेरीतच का अडकतो? मी ही पात्रता पहिल्यापासून बघत आलोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो. पात्रता फेरीत कोणाकडे मोठे खेळाडू आहेत याला फारसं महत्त्व नसतं. त्या तारखेला कोण हजर आहे, यावर सगळं ठरतं.

2014 च्या विश्वचषकापर्यंत पद्धत सोपी होती. युरोबास्केट, आशियाई अजिंक्यपद अशा खंडीय स्पर्धा उन्हाळ्यात व्हायच्या आणि त्यात वरच्या क्रमांकावर येणारे विश्वचषकाला जायचे. मग फिबाने, म्हणजे बास्केटबॉलच्या जागतिक संघटनेने, फुटबॉलची वाट धरली. नोव्हेंबर 2017 पासून घरच्या आणि बाहेरच्या मैदानावरचे सामने, तेही ‘विंडो’मध्ये, म्हणजे वर्षातून दोन-तीनदा मिळणाऱ्या आठवडा-दहा दिवसांच्या फटीत. एकूण 80 संघ: युरोपचे 32, आफ्रिका, अमेरिका (उत्तर-दक्षिण दोन्ही खंड मिळून) आणि आशिया-ओशनिया यांचे प्रत्येकी 16. आधी चार-चारचे गट, त्यातला शेवटचा बाहेर. मग सहा-सहाचे गट. पहिल्या फेरीतले निकाल पुढे सोबत येतात, म्हणजे सुरुवातीचा पराभव वर्षभर मानगुटीवर बसतो. शेवटी 32 उरतात. 2023 ला युरोपचे 12, आशिया-ओशनियाचे यजमान धरून 8, अमेरिकेचे 7 आणि आफ्रिकेचे 5 होते.

गोची या विंडोंमध्येच आहे. नोव्हेंबर आणि फेब्रुवारीत एनबीए, ही अमेरिकेतली सगळ्यात मोठी व्यावसायिक लीग, ऐन भरात असते, तिथले खेळाडू सुटूच शकत नाहीत. त्यात युरोलीग (युरोपातल्या बड्या क्लबांची स्पर्धा) आणि फिबा यांचं जमत नाही, त्यामुळे युरोलीग खेळणारे क्लबही खेळाडू सोडायला नाखूश असतात. मोठ्या नावांना मोकळीक मिळते ती फक्त उन्हाळ्याच्या विंडोत. स्लोव्हेनियाचं उदाहरण घ्या. 2017 ला युरोबास्केट जिंकलेला संघ. पण लगेच गोरान ड्रॅगिचने राष्ट्रीय संघ सोडला, लुका डॉनचिच वर्षभरात एनबीएत गेला, आणि युरोपचा विजेता 2019 च्या विश्वचषकाला मुकला. पुढच्या खेपेला 2022 च्या उन्हाळ्यात डॉनचिच पात्रतेचे सामने खेळला आणि 2023 ला स्लोव्हेनिया आत होता.

अमेरिकेनेही 2019 च्या विश्वचषकासाठीच्या त्या पहिल्या चक्रात जी-लीगची (एनबीएच्या खालच्या लीगची) पोरं घेऊन, जेफ व्हॅन गंडींना कोच करून पात्रता गाठली. मेक्सिको सिटीत मेक्सिकोने त्यांना 78-70 असं हरवलं, पुढे अर्जेंटिनाकडूनही मार खाल्ला, तरी ते पार पडले. आणि विश्वचषकासाठी चीनला गेला तो कोच पॉपोविचचा एनबीएवाला संघ. म्हणजे घाम एकाने गाळायचा आणि विमानात दुसऱ्याने बसायचं! (तो एनबीएवाला संघ तिथे सातवा आला, हा भाग वेगळा.)

आता अर्जेंटिना. सप्टेंबर 2022 मध्ये त्यांनी ब्राझीलला ब्राझीलमध्येच हरवून अमेरिकप, म्हणजे अमेरिका खंडांची अजिंक्यपद स्पर्धा, जिंकला होता. फेब्रुवारी 2023 ला मार देल प्लाताला, स्वतःच्या प्रेक्षकांसमोर, शेवटच्या सामन्यात डॉमिनिकन प्रजासत्ताकाला फक्त हरवायचं होतं. हरले, 75-79. जुन्या पद्धतीत अमेरिकप जिंकणारा संघ सरळ विश्वचषकात गेला असता. नव्या पद्धतीत त्या चषकाचा पात्रतेच्या टेबलवर काडीचा उपयोग नव्हता. मला हे कठोर वाटतं, पण अन्यायाचं वाटत नाही.

टेबल कसं वाचायचं तेही सांगतो, कारण खरी मजा तिथे आहे. जिंकलात तर 2 गुण, हरलात तरी 1, सामना सोडून दिलात तर 0. गुण सारखे झाले की आधी त्या दोन संघांतले आपसातले सामने बघतात, मग त्या सामन्यांतला गुणफरक, आणि तरी बरोबरीच असेल तर पुढचे निकष. 26 फेब्रुवारी 2023 ची तिबिलिसीतली रात्र आठवा: जॉर्जिया विरुद्ध आइसलँड. आइसलँड आपल्या घरच्या सामन्यात तीन गुणांनी हरला होता, म्हणून इथे त्यांना चारने जिंकायचं होतं. आइसलँड जिंकला, 80-77. तीनने! आपसातला हिशेब फिटला, पुढच्या निकषावर जॉर्जिया सरस ठरला, आणि सामना हरून जॉर्जिया पहिल्यांदा विश्वचषकाला गेला. एवढ्याशा आइसलँडला एका गुणाने हुलकावणी मिळाली. म्हणून एखादा संघ 18 ने मागे असताना शेवटच्या मिनिटात जिवाच्या आकांताने थ्री-पॉइंटर मारताना दिसला तर हसू नका. तो पुढच्या फेब्रुवारीची बेगमी करत असतो.

आफ्रिकेत घर-बाहेर नसतं. प्रवास महाग आणि विमानांची जोडणी वाईट, त्यामुळे गटातले संघ एका शहरात गोळा होतात आणि तीन दिवसांत तीन सामने उरकतात. खऱ्या अर्थाने विभागीय पात्रता ‘स्पर्धा’ म्हणावी ती हीच. मला व्यक्तिशः हा प्रकार जास्त आवडतो, कारण तिसऱ्या दिवशी पाय जड झालेले असताना बेंचवरच्या आठव्या-नवव्या खेळाडूची किंमत कळते. यातूनच दक्षिण सुदान वर आला. 2013 ला फिबाचा सदस्य झालेला देश, लुओल डेंग संघटनेचा अध्यक्ष, रॉयल आयव्ही कोच. 12 पैकी 11 सामने जिंकून 2023 चा विश्वचषक गाठला आणि तिथून पॅरिस ऑलिंपिक. केप व्हर्देही त्याच वेळी पहिल्यांदा पोचला. लोकसंख्या पाच लाखांच्या आसपास, आपल्याकडे एखाद्या जिल्ह्याच्या गावात सहज मावतील इतकी माणसं.

भारताकडे येतो. 2019 च्या पात्रतेत आपण जॉर्डन, लेबनॉन आणि सीरियाच्या गटात होतो, एकही सामना जिंकलो नाही. 2023 च्या वेळी गटात न्यूझीलंड, फिलिपिन्स आणि दक्षिण कोरिया होते. कोविडमुळे कोरियाने संघ पाठवला नाही, त्यांना बाद केलं, आणि आपण एकही विजय न मिळवता दुसऱ्या फेरीत गेलो. त्याला प्रगती म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही.

लोक उंचीचं कारण देतात. मला ते पटत नाही, आपल्याकडे सहा फूट दहाची माणसं आहेत. फिबाचा नियम असा की वयाच्या सोळाव्या वर्षानंतर नागरिकत्व घेतलेला किंवा पासपोर्ट मिळालेला एक खेळाडू संघात चालतो. आशियात या एका जागेवर सामने फिरतात. फिलिपिन्सकडे जस्टिन ब्राउनली, जॉर्डनकडे डार टकर, जपानकडे जॉश हॉकिन्सन. सामना अडला की चेंडू त्याच्या हातात द्यायचा. भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही, आणि 2008 पासूनच्या सरकारी धोरणामुळे परदेशी पासपोर्ट असलेला भारतीय वंशाचा खेळाडूही भारताकडून खेळू शकत नाही. ती जागा आपली रिकामीच असते. ऑगस्ट 2025 च्या आशिया कपात जेद्दाहला जॉर्डनला आपण जादा वेळेपर्यंत खेचलं आणि 84-91 ने हरलो. चाळीस मिनिटं बरोबरीने खेळणारा संघ शेवटच्या पाच मिनिटांत का ढेपाळतो, त्याचं निम्मं उत्तर मला इथे दिसतं. उरलेलं निम्मं म्हणजे वर्षभर चालणारी, पैसा असलेली व्यावसायिक लीग नसणं. विंडोच्या आधी दोन-तीन आठवडे शिबिर घेऊन, दर आठवड्याला कसदार सामने खेळणाऱ्या लेबनीज गार्डला (चेंडू घेऊन खेळ चालवणाऱ्याला) अडवता येत नाही.

त्या आशिया कपला पोचल्यामुळे 2027 च्या पात्रतेत भारताला जागा मिळाली. गटात सौदी अरेबिया, लेबनॉन आणि कतार. विश्वचषक कतारलाच आहे, त्यामुळे कतार निवांत खेळणार. महिलांचा मार्ग पूर्ण वेगळा आहे. तिथे आधी आशिया कपच्या ब विभागातून वर यावं लागतं. 2017 ला बेंगळुरूत पुण्याची शिरीन लिमये ज्या संघात होती त्याने ते केलं होतं, अंतिम सामन्यात कझाकस्तानला दोन गुणांनी हरवून. त्यावर विचाराल तर वेगळं लिहीन.

सामने बघायचे असतील तर फिबाच्या ‘कोर्टसाइड 1891’ या ऑनलाइन प्रक्षेपण सेवेवर शोधा. लेबनॉनचे घरचे सामने चुकवू नका, तिथले प्रेक्षक ढोल घेऊन येतात.