सुट्टीतली रातपाळी धरू का?

प्रश्न : ताई नमस्कार, मी कल्याणला राहतो, एसवाय बीकॉमची परीक्षा आत्ताच संपली. कॉलेज सुरू होईपर्यंत भिवंडीला एका पार्सलच्या गोडाऊनमध्ये सॉर्टिंगचं काम मिळतंय. रात्री १० ते सकाळी ७, आठवड्याला एक सुट्टी, रोजचे ६०० रुपये, आणि कंपनीची बस दुर्गाडीवरून नेते-सोडते. मला सेकंडहँड लॅपटॉप घ्यायचाय आणि टीवायच्या फीला पण हातभार लावायचाय, बाबा रिक्षा चालवतात, त्यांच्याकडे अजून मागवत नाही. माझा एक मित्र तिथे गेला होता तो लगेच सोडून आला, म्हणतो रात्रभर तेच तेच, उचल, स्कॅन कर, टाक, डोकं बधिर होतं. मला कष्टाची भीती नाही पण ती रात्र जाणार कशी याचं टेन्शन आलंय. अजून एक, आईला मी खरं सांगितलेलं नाही, शिफ्ट १२ ला सुटते आणि मग मित्राकडे झोपणार असं सांगितलंय, नाहीतर ती पाठवणारच नाही. आमचं वन रूम किचन आहे, घरी आजी आणि लहान बहीण पण असतात. काय करू?

उत्तर : काम धर. पण आईला सांगून धर, आणि हे मी तुला खोटं बोलू नये म्हणून शिकवत नाहीये, साधं कारण आहे, या नोकरीत तुला सगळ्यात जास्त गरज लागणार आहे ती दिवसाच्या झोपेची आणि ती झोप तुला तुझं घरच देऊ शकतं. मी महापालिकेच्या हॉस्पिटलात सिस्टर होते, वर्षानुवर्षं नाईट केल्या. नाईट सोडून जाणाऱ्या मुली वॉर्डातल्या कामाला कंटाळून गेल्या असं मी फार कमी पाहिलं, त्या घरी दिवसा झोप मिळाली नाही म्हणून गेल्या. तुझा मित्र घरी जाऊन किती तास झोपत होता ते त्याला विचार. माझा अंदाज आहे की तीन-चार तास, तेही तुकड्या-तुकड्यांत, आणि अशा झोपेवर तर दिवसाचं काम पण नकोसं होतं.

वन रूम किचनमध्ये सकाळी ८ ला झोपायचं म्हणजे काय ते बघ. तेव्हा घरात कुकर लागतो, आजीचा टीव्ही सुरू होतो, बहिणीला सुट्टी, खाली पोरांचं क्रिकेट, मे महिना म्हणजे लग्नाचे बँड, शिवाय दारावर कोण ना कोण येतंच. आईला जर वाटत असेल की तू मित्राकडे रात्रभर झोपून आलायस तर ती तुला साडेनऊला उठवून दळण आणायला पाठवणारच ना, तिचं काय चुकलं? आणि मित्राच्या घरी रोज दिवसभर झोपणं हे त्याच्या घरचे किती दिवस चालवून घेतील. म्हणून आधी आईजवळ बस, बाबा पण असू देत, गोडाऊनचं नाव, ठेकेदाराचा फोन नंबर, बस कुठून कधी सुटते, शेवटची रात्र कुठल्या तारखेची हे सगळं कागदावर लिहून त्यांच्या हातात दे. शेवटची तारीख आवर्जून सांग, कारण आईला खरी भीती असते की पोरगं पैशाला चटावेल आणि कॉलेज सोडेल. आणि मग एकच गोष्ट माग, सकाळी ८ ते दुपारी ३ घर शांत. गिरणगावात एका खोलीत पाळ्या लावून माणसं राहायची, दिवसपाळीवाला बाहेर पडला की रातपाळीवाला त्याच जागेवर आडवा व्हायचा, सगळ्या बिऱ्हाडाला ते वेळापत्रक पाठ असायचं. आपल्या लोकांना हे नवीन नाही, तुझ्या आजीला विचार, तिला कदाचित तुझ्यापेक्षा जास्त माहीत असेल.

आता झोपायचं कसं. बसमधून उतरलास की ऊन डोळ्यांवर घेऊ नकोस, गॉगल लाव, टोपी घाल, कारण डोळ्यांत सकाळचा उजेड गेला की मेंदू समजतो दिवस सुरू झाला आणि झोप आणणारं मेलाटोनिन कमी होतं. घरी थोडं खा, अंघोळ कर, फोन आईकडे दे आणि लगेच आडवा हो, रील्स बघत एक तास घालवलास की ती झोप गेलीच म्हणून समज. खिडकीला जाड चादर किंवा काळा कागद लाव. कल्याणची हवा दमट, त्यामुळे विदर्भात चालतो तसा कूलर इथे फारसा चालत नाही, त्यापेक्षा पंखा जवळ घे, अंगावर ओला पंचा टाक, आणि घर वरच्या मजल्यावर स्लॅबखाली असेल तर दुपारी ते तापतं, मग खाली एखाद्या मावशींकडे सोय होते का ते आत्ताच बघून ठेव. एकदम सात तास नाही झाले तर सकाळी पाच तास आणि संध्याकाळी निघायच्या आधी दीड-दोन तास असं पण चालतं, दोन्ही मिळून सात भरले पाहिजेत. पहिल्या रात्रीच्या आधी दुपारी नक्की झोप, बरेच जण सकाळी ७ ला उठलेले तसेच पहिल्या शिफ्टला जातात आणि सकाळी सुटेपर्यंत २४ तास जागे असतात, पहिला घाव तिथेच बसतो. आणि सुट्टीच्या रात्री पूर्ण उलटं करू नकोस, पहाटे ३-४ ला झोपून ११ ला ऊठ, म्हणजे मित्र पण भेटतील आणि शरीराचं घड्याळ दर आठवड्याला पहिल्यापासून फिरवावं लागणार नाही.

चहाचं सांगते कारण गोडाऊनमध्ये रात्रभर चहा फिरतो. चहा-कॉफीतलं कॅफिन निम्मं उतरायलाच पाचेक तास लागतात. म्हणजे पहाटे ४ ला घेतलेला कडक चहा तू ९ ला झोपायला बघतोस तेव्हा अंगात अर्धा शिल्लक असतो. सुरुवातीला घे, २ नंतर बंद. जेवण घरून साडेआठला पोटभर करून नीघ, मधल्या सुट्टीत थोडंच खा, भाकरी-भाजी किंवा केळी-शेंगदाणे, वडापाव-भजी नको, त्या वेळी पचनही मंद असतं आणि पोट जड झालं की डोळे मिटतात. पाणी भरपूर पी, पत्र्याच्या शेडमध्ये मे महिन्यात रात्री पण घाम निघतो, लिंबू-मीठ-साखरेची एक बाटली सोबत ठेव.

आता तुझा खरा प्रश्न, रात्र जाणार कशी. एकसुरी काम सोपं असतं म्हणून ते हलकं असतं असा लोकांचा समज आहे आणि तो चुकीचा आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटनमध्ये रडारवर बसणाऱ्यांच्या चुका का होतात यावर नॉर्मन मॅकवर्थ नावाच्या शास्त्रज्ञाने काम केलं, त्यात दिसलं की एकाच गोष्टीवर नजर ठेवायला सांगितली की साधारण अर्ध्या तासात लक्ष ढळायला लागतं. ती तर निवडलेली माणसं होती. म्हणजे तुझं डोकं बधिर झालं तर तू आळशी आहेस असं नाही, सगळ्यांचं होतं. उपाय एवढाच की काम बदलत राहायला हवं. सुपरवायझरला पहिल्याच आठवड्यात नम्रपणे विचार की मधल्या सुट्टीनंतर स्कॅनिंगवरून लोडिंगवर किंवा बॅग बांधायला देता का, चांगला सुपरवायझर स्वतःच माणसं फिरवतो कारण बधिर माणूस पार्सल चुकीच्या बॅगेत टाकतो आणि त्याचा त्रास सुपरवायझरलाच होतो. पहाटे ३ ते ५ शरीराचं तापमान सगळ्यात खाली असतं, झोप सगळ्यात जास्त तेव्हाच येते, त्या दोन तासांत उभं राहून, चालून करायचं काम मिळालं तर घे. आम्ही वॉर्डात तेव्हाच राउंड मारायचो, टेबलाशी बसायचो नाही. मधल्या सुट्टीत झोपू देत असतील तर १५-२० मिनिटं डोळे मीट, गजर लावून, त्यापेक्षा जास्त झोपलास तर उठताना अंग जड होतं. घड्याळाकडे बघू नकोस, ट्रॉली मोज, ही भरली की पुढची.

आणि पिनकोड शिक. मनापासून सांगतेय, तुझ्या हातात रात्रभर हजारो पत्ते येणार आहेत. आपल्याकडे पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला, आणि तो बसवणारे श्रीराम भिकाजी वेलणकर आपले मराठी गृहस्थ, संस्कृतचे कवी पण होते. सहा आकड्यांत पहिला आकडा विभागाचा, ४ आला की महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश किंवा छत्तीसगड. पहिले तीन मिळून सॉर्टिंगचा जिल्हा कळतो, ४०० मुंबई, ४०३ गोवा, ४११ पुणे, ४२२ नाशिक, ४४० नागपूर. शेवटचे तीन म्हणजे नेमकं पोस्ट ऑफिस. पहिला आकडा ९ असेल तर ते सैन्याचं टपाल. हे एकदा डोक्यात बसलं की स्कॅनर बीप करायच्या आधी तुला कळायला लागेल पार्सल कुठे चाललंय, मग गडचिरोलीला कोण काय मागवतंय, सावंतवाडीला काय जातंय हे दिसायला लागतं आणि कामात जीव येतो. शेजारी उभा असलेल्याशी बोल, तिथे उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशाची मुलं असतील, मराठवाड्यातली असतील, तुझ्यासाठी हे दीड महिन्याचं काम आहे पण त्यातल्या अनेकांचं घर यावरच चालतं, हे लक्षात ठेवून वाग. पण इअरफोन नको, फोर्कलिफ्ट मागून येते ती ऐकू आली पाहिजे. कन्व्हेअरवरून उडी मारायची नाही, गळ्यातलं आयकार्ड शर्टाच्या आत, बोटात अंगठी नको, बूट पुढून कडक असलेले, आणि वजन उचलताना कंबरेतून वाकायचं नाही, गुडघ्यात वाकायचं.

बाइकने जायचा मोह होईल, नको. सलग १७-१८ तास जागलेल्या माणसाची प्रतिक्रिया थोडी दारू प्यायलेल्या माणसाइतकी मंद होते हे तपासून बघितलेलं आहे, आणि सकाळी ७ ला नाशिक हायवेला ट्रेलरची रांग असते. बस चुकली तरी ५० रुपये जाऊ देत, शेअर रिक्षाने ये.

पैशाचं थोडक्यात. ६०० रुपये दराने २६ रात्रींचे १५,६०० होतात पण हातात तेवढे येतीलच असं नाही, ईएसआयसीचे, म्हणजे कामगार विम्याचे, पाऊण टक्का आणि पीएफ लावला असेल तर बेसिकच्या १२ टक्के कापतात, म्हणून आधीच विचार की हातात किती. आठवड्याला ४८ तासांच्या वर काम घेतलं तर ओव्हरटाइम दुप्पट दराने द्यावा लागतो. महिन्याचा पगार पुढच्या ७ तारखेपर्यंत खात्यात यायला हवा. नोकरी लावतो म्हणून कोणी रजिस्ट्रेशनचे किंवा डिपॉझिटचे पैसे मागितले तर तिथून उठून ये, ओरिजिनल मार्कशीट कोणाकडे ठेवू नकोस, झेरॉक्स दे. आणि स्वतःच्या वहीत रोज तारीख, आत गेल्याची वेळ, बाहेर आल्याची वेळ लिही, ठेकेदाराच्या हजेरीत एखादी रात्र गळली तर तुझ्याकडे दाखवायला काहीतरी पाहिजे.

फिट्स येत असतील, इन्सुलिन चालू असेल, डिप्रेशनची किंवा मनाच्या कुठल्याही आजाराची गोळी चालू असेल तर हे काम धरू नकोस, आधी डॉक्टरांना विचार, जागरणाने हे सगळं बिघडतं. तसं काही नसेल तर जा. फक्त शेवटची रात्र कॉलेज सुरू व्हायच्या निदान आठ दिवस आधीची ठेव, झोपेचं घड्याळ दिवसाला साधारण तासभरच सरकतं, नाहीतर टीवायचे पहिले लेक्चर तू झोपेत काढशील.

प्रश्न : माझी मुलगी २० वर्षांची आहे, चाकणला एका पॅकिंग युनिटमध्ये सुट्टीपुरतं काम करतेय. आता सुपरवायझर म्हणतोय पुढच्या आठवड्यापासून रात्री यावं लागेल, नाही आली तर काढून टाकू. तिची इच्छा नाही. असं सक्तीने करता येतं का हो ताई?

उत्तर : नाही करता येत. बाईमाणसाला रात्री कामावर बोलवायचं तर तिची स्वतःची संमती लागते, आणि संमती असली तरी सुरक्षिततेची, जायच्या-यायच्या गाडीची सोय करायची जबाबदारी मालकाची. तिला सांगा तोंडी वाद घालू नकोस, एचआरला मेल किंवा साधा अर्ज दे की माझी रात्रीला संमती नाही, आणि पोच घे. तरी ऐकलं नाही तर कामगार आयुक्तांच्या कार्यालयात तक्रार करता येते. आणि उद्या तिची स्वतःची इच्छा झाली तर अडवू नका, पण गाडी दारापर्यंत येते की हायवेच्या फाट्यावर सोडते हे तुम्ही स्वतः जाऊन बघा.

प्रश्न : मागच्या सुट्टीत दोन महिने काम केलं, पगारातून पीएफ कापला. ते पैसे गेले का?

उत्तर : नाही गेले. सॅलरी स्लिपवर यूएएन नंबर, म्हणजे पीएफचा तुमचा कायमचा नंबर, असेल तो शोधा, नसेल तर कंपनीकडून मागून घ्या, आधारशी जोडलेला मोबाइल चालू ठेवा आणि ईपीएफओच्या, म्हणजे पीएफ ऑफिसच्या, साइटवर पासबुक बघा. तुमच्या कापलेल्या पैशाबरोबर मालकाचा हिस्सा पण जमा दिसला पाहिजे. पुढे कुठेही नोकरी लागली तर हाच नंबर द्या, नवीन काढू देऊ नका.